ब्रेक आता मधला

जुन्या रेसच्या गाडीत गॅस, म्हणजे वेग वाढवायचं पेडल, मधे होता आणि ब्रेक उजवीकडे. तिचा जुना मालक शर्यतीत तिच्यातच मेला होता. नव्या मालकाला ही उलटी पेडलं जमेनात आणि शर्यत तर तोंडावर आलेली, म्हणून गॅरेजवाल्या दोघा भावांतल्या थोरल्याने खपून दोन्ही पेडलं बदलली. ब्रेक मधे आला, गॅस उजवीकडे गेला. आता ब्रेकच्या नळीतली हवा तेवढी काढायची राहिली होती.

हे दोघांचं काम. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकामागे आडवं पडून नट सैल करायचा, म्हणजे हवेसकट तेल खालच्या बाटलीत उतरतं. धाकटा भाऊ तेलाचा डबा आणायला कोपऱ्यावर गेला तो तिकडचाच झाला. शेवटी एकदाची सीट करकरली.

"आलास? दाब."

बाटलीत तेल आलं नाही. बॉनेटखाली गॅसची तार खटकन ओढली गेली.

"अरे, गॅस नको. ब्रेक दाब."

पुन्हा तारच.

"डोकं गहाण टाकलंयस का? दाब."

आता तार लागोपाठ ओढली जाऊ लागली, कुणी जिवाच्या आकांताने ब्रेक शोधावा तशी.

थोरल्याने तेलकट हात कपाळावर मारून घेतला. "दगडाला सांगितलं असतं तर एव्हाना कळलं असतं. उजवीकडचा नाही रे बाबा. ब्रेक आता मधला आहे, मधला."

"दादा, कुणावर खेकसतोयस?" धाकटा डबा घेऊन दारात उभा होता.

थोरल्याची बोटं नटावरच राहिली.

वर सीट करकरली. या वेळी तार हलली नाही. बाटलीत सावकाश तेल उतरू लागलं.