राखेने घासलेले गॉगल

नातवाचं बारसं झालं त्या वर्षी धोंडीराम एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारत लुटुपुटूची लढाई खेळायच्या मैदानावर कामाला होते. छऱ्यांच्या बंदुकांना तेल द्यायचं, खेळणाऱ्यांचे गॉगल घरी आणून मऊ फडक्याने पुसायचे. फार दमायचे. म्हणून एकदा त्यांच्या बायकोने, सरूबाईंनीच सगळे गॉगल काथ्या आणि राखेने घासून ठेवले.

सकाळी धोंडीरामांनी गॉगल उजेडात धरून पाहिले, तर काचांवर ओरखडेच ओरखडे. "भांडी वाटली का गं तुला?"

"चिखल निघेना. फुटलेत थोडेच?"

त्यांनी एक गॉगल बायकोच्या डोळ्यांवर चढवला. "दिसतो का मी?"

"धुक्यात बसल्यासारखे दिसताय."

"असं अंधुक दिसलं की खेळणारा गॉगल वर सरकवतो. तेवढ्यात छर्रा बसला, की डोळा गेला."

त्यांनी मालकांना फोन लावला. "साहेब, आज खेळ नको. गॉगल खराब झालेत. माझ्याच हातून." मालकांनी फोनवरच त्यांना कामावरून काढून टाकलं.

सरूबाई मालकांना खरं सांगायला निघाल्या, तसा धोंडीरामांनी त्यांचा हात धरला. "बस गं. दमलोच होतो मी. चहा टाक, आज दोघं मिळून पिऊ."

त्याच वर्षी माघातल्या संकष्टीला धोंडीराम वारले; तोवर रोजचा चहा दोघांनी मिळूनच घेतला.