खंडेनवमीची बंदूक

माझा संपत हैदराबादला एका सराफाच्या दुकानात पहारेकरी होता. बंदूक त्याची स्वतःची, पण परवाना फक्त तेलंगणापुरता. खंडेनवमीच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला.

"आई, बंदूक महाराष्ट्रात आणता येत न्हाई. फोटो पाठवतो, यंदा त्यालाच हळदीकुंकू वाह."

"फोटोला? मंग तुझं लगीन बी फोटोशीच लावायचं होतं," मी म्हणाले. "तुझ्या बाबांनी चाळीस वर्षं शस्त्र पाटावर मांडून पुजलं. एक साल चुकू दिलं न्हाई."

तो हसला. "बरं बाई, आणतो. पुरणपोळ्या तेवढ्या बराबर करून ठेव."

जालना स्टेशनात उतरताच त्याची बॅग तपासली गेली. आमच्या गावी, धावड्याला, त्याला धरल्याचा निरोप आला, तशी मी केलेल्या पोळ्या डब्यात भरून पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी माझ्यासमोरच त्याला विचारलं, "बंदूक कोणी मागवली होती?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कोणीच न्हाई, साहेब. चूक माझीच."

मी डबा धरून उभी होते. 

त्याला आता वर्ष झालं. जामीन दोनदा नाकारला गेला. सराफानं दुसरा माणूस ठेवला. बंदूक कोर्टात जमा आहे. वकिलांनी खटल्याच्या कागदांची प्रत दिली, तिच्यात बंदुकीचा फोटो आहे.



आज खंडेनवमी. पाटावर मी तो फोटो मांडला आणि त्यालाच हळदीकुंकू वाहिलं.