उघड्या उतारावरची सावली

डोंगरावर रोपांना सावली म्हणून बांधलेली हिरवी जाळी वादळात उडाली, हे तिला तापाने अंथरुणाला खिळलेली असताना कळलं. उठायला तीन आठवडे गेले. त्या बोडक्या उतारावर तिने, पूर्वी तिथेच उभ्या असलेल्या मूळच्या जंगलातल्या झाडांची तीनशे रोपं लावली होती. निम्मी तरी जगली नाहीत, तर तीन वर्षांचा प्रबंध पाण्यात.

देवाचं नाव घेत, धापा टाकत ती वर पोचली, तर वनरक्षक मामा गालातल्या गालात हसत उभे.

"मोज पोरी, मोज. रडायचं ते नंतर."

तिने दोनदा मोजलं. तीनशेच्या तीनशे! गुडघ्याएवढी, टवटवीत. मामांचे हात धरून तिने गिरकीच घेतली.

"पण मामा, जाळीशिवाय, एवढ्या उन्हात?"

"ऊन कुठंय इथं?"

खरंच, भर दुपारी पायांखाली गारवा होता. जमिनीवर उंच, दाट झाडांची सावली हलत होती. वर नुसतं निळं आभाळ. सावलीतल्या फांदीवर सावलीचाच एक पक्षी येऊन बसला आणि डोक्यावरून शीळ ऐकू आली.

तिला हसूच फुटलं. तिने हात पुढे केला. तळव्यावर एका पानाची सावली अलगद उतरली. तिने मूठ मिटली, तशी ती आत सळसळली.