एक खोकं, दोघं नेमबाज

“शंभर पावलांपलीकडे ही बंदूक म्हणजे नुसता आवाज,” लायल म्हणाला. “हरणाला गोळी लागली, तरी ते मान वळवून विचारेल, कोण रे तिकडे?”

ड्वेनच्या दुकानात काउंटरवर ती कार्बाइन आडवी ठेवलेली होती. आखूड नळी, खाली ओढायची कडी, लाकडी दस्ता. दिसायला रायफल, पण काडतूस घ्यायची पिस्तुलाचं. त्याच्या बायकोने, आर्डिसने, तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि हात कोटाच्या खिशात घातले. खिशातले हात थरथरले तरी कुणाला दिसत नाहीत.

थरथर सुरू झाली ती मागच्या हिवाळ्यात. आधी कॉफीचा मग काठोकाठ भरणं बंद झालं. मग पिस्तूल समोर धरलं की त्याचं टोक चिमणीसारखं उड्या मारू लागलं. आणि ऑगस्टात जत्रा होती, जत्रेत नवरा-बायकोची नेमबाजी होती. नियम गावाइतकाच जुना. बंदूक कुणाची कुठलीही असो, जोडीला मिळून काडतुसांचं खोकं एकच. ते दोघांच्या मध्ये कठड्यावर ठेवायचं आणि आळीपाळीने त्यातून घ्यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत लायल आणि आर्डिसकडे पिस्तूलही एकच होतं. ते इकडून तिकडे देता-घेताना दोघं इतकी हसली होती, की पंचांनी दम भरला होता.

ज्यांचा नेम संपला, त्या बायका केकच्या तंबूत बसत. हकलबेरीच्या रानफळांचे केक कापत, आणि बाहेर बार झाला की सुरी हातात धरून क्षणभर थांबत. आर्डिसने ते पाहिलं होतं. तरी यंदा वसंतात तिनेच कळवून टाकलं, माझं नाव तंबूत घाला. लायलच्या शेजारी आता कोण उभं राहणार, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तो नुसता उठून कोठारात गेला. हल्ली तो सारखाच कोठारात असे. गेल्या रविवारी तेवढा बाहेर आला आणि सुतळीने तिचा हात कोपरापासून बोटापर्यंत मापून गेला. म्हणे, नवा कोट घेऊ तुला.

“लायल, तुझं आपलं भलतंच,” ड्वेन म्हणाला. “आर्डिसबाई, धक्का म्हणाल तर मांजराने पंजा मारल्याएवढा. ही खांद्याला टेकते, गालाला टेकते, दोन हातांत बसते. पिस्तुलासारखी हवेत तरंगत नाही. आणि काडतूस तेच, तुमच्या पिस्तुलाचं.”

“मग पिस्तूल काय वाईट? खिशात तरी मावतं.” लायलने हात वर केला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. अंगठ्यावर कसलातरी तपकिरी डाग होता. “एक, लांबचा नेम नाही. दोन, बाळगायला ओझं. तीन, ना धड पिस्तूल ना धड रायफल. खेचर आहे खेचर!”

“आपलं खेचर किती वर्षं राबलं, आठवतंय ना?” आर्डिस म्हणाली. “तुझा तो देखणा घोडा पहिल्याच बर्फात लंगडला.”

ड्वेनला एकदम खोकला आला. तो काउंटरखाली काहीतरी शोधू लागला.

लायलने नको म्हटलेली वस्तू घेतल्यावाचून आर्डिसला चैन पडत नसे. निळा ट्रक असाच घरी आला. तीन पायांचं कुत्रं असंच आलं. फार काय, लायलने लग्नाचं विचारलं तेही असंच. गव्हाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या, अंगभर भुसा, आणि हा पठ्ठ्या बोटांवर स्वतःचे दोष मोजत होता. घोरतो. जमीन खडकाळ आहे. आई आपल्यातच राहील. करंगळीपर्यंत पोचायच्या आत ती हो म्हणाली होती.

“घेऊ नकोस हं,” लायल आता म्हणाला. “पस्तावशील.”

आर्डिसने खिशातून हात काढले. कडी ओढून आत काही नाही हे पाहिलं, ड्वेनलाही दाखवलं. मग कार्बाइन उचलली.

आयुष्यभर तिच्या हाती आलेली प्रत्येक रायफल कुणातरी लांब हाताच्या काकांच्या मापाची होती. दस्ता बगलेत अडकायचा आणि मान ताणावी लागायची. ही एका झोक्यात खांद्यावर आली. गाल आपोआप लाकडावर टेकला. जणू ते लाकूड कुणी तिलाच उभी करून कापलं होतं. लाकडाला ताज्या वॉर्निशचा वास होता. समोरच्या भिंतीवर भुसा भरलेलं एल्क हरणाचं मुंडकं होतं. तिने त्याच्या नाकावर नेम धरला. हात थरथरत होते. नळी मात्र नाकावरून हलली नाही.

मग तिने कार्बाइन हळूच काउंटरवर ठेवली.

“बांध रे ड्वेन,” ती म्हणाली. “आणि काडतुसांचं एक खोकं दे. एकच.”

“सांगून सांगून थकलो,” लायल म्हणाला. “ऐकशील तर शपथ!”

निळ्या ट्रकमध्ये तिने ते खोकं दोघांच्या मध्ये सीटवर ठेवलं. लायल तोंडाने कुरकुरत होता, आणि कुरकुर थांबली की शीळ घालत होता.

“तंबूवाल्यांना कळव,” आर्डिस म्हणाली. “केक कापायला दुसरी कुणीतरी बघा म्हणावं.”

“कळवतो. माझं कोण ऐकतंय!”

“आणि लायल,” ती खिडकीबाहेरच्या गव्हाकडे बघत म्हणाली, “पुढच्या वेळी माझ्याशी भांडायला यायच्या आधी अंगठ्याचं वॉर्निश पुसून येत जा.”