न मोजलेला महिना

इतवारीत शिरायचं कारणच नव्हतं. पण उमरेडची बस सुटायला दीड तास होता, आणि नागपूरला येऊन इतवारीतून डिंक न घेता परत जाणं प्रयागबाईंच्या हिशोबात बसत नव्हतं. सुनेच्या बाळंतपणाचे लाडू, त्यात हयगय नको. डिंक झाला, खारीक झाली, खोबरं आणि गोडंबी झाली, पिशवी मांडीवर आली, आणि मग ऑटो जो अडकला तो अडकलाच. पुढे तांदळाच्या कट्ट्यांनी लादलेली हातगाडी, मागे भांड्यांचा टेम्पो, दोन्ही बाजूंना दिवाळीची गर्दी.

मागच्या सीटवर तिघी होत्या. मधे धनश्री, पाय सुजलेले, दोन्ही हात पोटाखाली. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला गावची आशा सेविका पुष्पलता. पुढे चालकाशेजारी अंग चोरून बसलेला नवरा जागेश्वर. त्याच्या खिशात सकाळी दवाखान्यात सही केलेल्या कागदाची प्रत होती. डॉक्टरांचा सल्ला न मानता आम्ही पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत, असं त्यावर लिहिलं होतं. धनश्रीला कोणी काही विचारलं नव्हतं.

सहा दिवसांपूर्वी पुष्पलतानेच तिला बैलबंडीत घालून नाला पार करून आणलं होतं. नाल्यापलीकडे रुग्णवाहिका येत नाही. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि सांगितलं, आता बाळंत होऊनच जायचं. एवढं सगळं करून पोरगी पुन्हा त्याच नाल्याकडे चालली होती. बसस्टँडपर्यंत तरी भांडून पाहू, म्हणून पुष्पलता ऑटोत बसली होती.

"मावशी, अजून बी सांगते. नववा सुरू आहे तिले."

"आठवा," प्रयागबाई म्हणाल्या. "मले शिकवतं का वं? शिवरात्रीच्या जत्रेले हे आली नव्हती. बाहेर बसली होती. माह्या चांगलं ध्यानात आहे."

धनश्रीने मान खाली घातली. चालकाने आरशात पाहिलं नाही, एवढे त्याचे उपकार.

"शिवरात्र मले बी मान्य आहे. पुढचं मोजा."

प्रयागबाईंनी अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला. फाल्गुन, चैत्र, वैशाख, जेठ, आखाड. अंगठा पेरापेरांवरून सरकत गेला. श्रावण, भादवा, अश्विन. "आठ."

"अन् मधातला धोंड्याचा महिना?"

"तो मोजत नसते. त्यात लग्न नाही, वास्तू नाही. त्याले मोजून काय करतं?"

"मंग पोटातल्याले कोणं सांगतलं, बाप्पा, का या महिन्यात वाढू नको म्हणून?"

चालक हसला. जागेश्वरलाही हसू येत होतं, पण त्याने आईकडे पाहिलं आणि गिळलं.

"हसा," प्रयागबाई म्हणाल्या. पिशवी त्यांनी पोटाशी ओढून धरली. "या जागेश्वरच्या आंधीचं माहं आठव्यातच काढलं होतं. नागपुरातच. रडलं बी नाही. आठव्यातलं टिकत नाही, पोरी. इथं ठेवली का हे लोक हिले फाडतेत. मी नाही फाडू देत."

म्हातारी दुष्ट असती तर किती बरं झालं असतं, असं पुष्पलताला वाटलं. दुष्टाशी भांडता तरी येतं.

तेवढ्यात धनश्रीने तिचा हात घट्ट धरला. बोटं दुखावीत इतका घट्ट.

"दुखून राहिलं का वं?" पुष्पलताने कानाशी विचारलं.

धनश्रीने सासूकडे पाहिलं. आठव्यात दुखलं म्हणजे काय, ते तिने आत्ताच ऐकलं होतं. तिने मान हलवली, नाही म्हणून. हात मात्र सोडला नाही.

पुष्पलताने दुसऱ्या हाताने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या माणसाने ठिकाण विचारलं आणि नम्रपणे म्हणाला की त्या गल्लीत गाडी शिरत नाही, पेशंटला मोठ्या रस्त्यापर्यंत आणा. नाल्याच्या वेळीही हेच उत्तर मिळालं होतं.

पुढची कळ आली तेव्हा धनश्रीच्या तोंडून आवाज निसटलाच. प्रयागबाईंनी झटकन तिच्या पोटावर हात ठेवला. पोट कडक झालं होतं. तो हात तसाच राहिला, पोट सैल पडेपर्यंत. गावातली कितीतरी बाळंतपणं त्या हाताने केली होती. त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रयागबाईंनी पुन्हा अंगठा करंगळीवर ठेवला. ओठ हलत होते. आखाडाच्या पेराशी अंगठा थांबला. मग तो पुढच्या पेरावर गेला आणि महिन्याचं नाव न घेता तिथे टेकला. श्रावण. भादवा. अश्विन.

"ऑटो मागं घे, गा," त्या चालकाला म्हणाल्या. "दवाखान्यात चाल."

"मागं कुठं घेऊ, मावशी? टेम्पो आहे न."

जागेश्वरने खिशातला कागद काढला, उघडला, आणि पुन्हा घडी करून ठेवून दिला. प्रयागबाई खाली उतरल्या. पिशवी पायाशी पडली, खारका रस्त्यावर सांडल्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पदर कमरेला खोचून त्या हातगाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर केले.

"सरका, गा! माह्या सुनेले नववा आहे! नववा भरला तिले, सरका!"

हातगाडीवाल्याने कपाळाचा घाम पुसला. "कुठं सरकू, माय? मीच अर्ध्या घंट्यापासून उभा आहे."

मागे ऑटोत, इतका वेळ दात आवळून बसलेली धनश्री सासूच्या तोंडचं "नववा" ऐकून पहिल्यांदा मोठ्याने ओरडली.