मूळ मजकुरात तसंच

संपादकांनी दाराला आतून कडी घातली आणि फळ्याला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. पोलीस येईपर्यंत तो आहे तसाच राहणार होता.

एरवी त्या फळ्यावर कुठलं पान कधी छापायला जायचं ते लिहिलेलं असे. आज तिथे खडूने, मोठ्या इंग्रजी अक्षरांत धमकी होती. पुलाची बातमी छापलीत, तर तुमची नात शाळेतून घरी येणार नाही.

नातीला आणायला संपादकांनी ड्रायव्हरला पिटाळलं होतं. त्याला जाऊन बराच वेळ झाला होता आणि फोन अजून आला नव्हता. संपादक उगाचच टेबलावरचे कागद या बाजूचे त्या बाजूला करत होते.

इंग्रजी अगदीच कच्चं होतं. हे काम कुणा अडाणी गुंडाचं, असं वार्ताहर म्हणाला, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. दुसरा दिवस असता तर चेष्टेला ऊत आला असता. ही माणसं दुकानाच्या पाट्यासुद्धा हातात पेन घेऊन वाचणारी.

पोलिसांसाठी इंग्रजीत तक्रार लिहायचं काम मुद्रितशोधक बाईंकडे आलं. त्यांच्याइतकं काटेकोर त्या कचेरीत कुणी नव्हतं. धमकी शब्दशः उतरवायची, चुका सुधारायच्या नाहीत, प्रत्येक चुकीपुढे चौकटी कंसात ‘सिक’ लिहायचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, की चूक मूळ मजकुरातली आहे, आपली नाही.

बाई फळ्याकडे पाठ करून बसल्या. आल्या आल्या एकदा वाचलं तेवढं पुरे, पुन्हा तिकडे बघवत नाही, असं म्हणाल्या.

संपादकांना त्यांची कीव आली. कोसळलेल्या पुलाच्या कामावर देखरेख बाईंच्या थोरल्या भावाची होती आणि उद्याच्या बातमीत त्याचं नाव होतं. बाईंनी ते लपवलं नव्हतं. स्वतःहून येऊन सांगितलं होतं, वर नाव गाळू नका असंही म्हणाल्या होत्या. अशी माणसं आता कुठे मिळतात, असं संपादकांनी त्या दिवशी घरी बायकोला सांगितलं होतं.

“बातमी थांबवा, सर,” बाई हलकेच म्हणाल्या. “भावासाठी नाही म्हणत. लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे.”

संपादकांनी मान डोलावली. मेलेल्यांच्या नातेवाइकांना त्यांनी शब्द दिला होता, पण पोरीला पणाला लावण्याइतकं काळीज त्यांच्याकडे नव्हतं. छापखान्याला कळवायला त्यांनी फोन उचलला आणि तेवढ्यात तो वाजला. ड्रायव्हर होता. पोरगी गाडीत बसली होती आणि खाऊसाठी हट्ट करत होती.

संपादक खुर्चीत बसले. डोळे पुसून त्यांनी चष्मा चढवला आणि सही करायला तक्रारीचा कागद पुढे ओढला. बातमीचं काय करायचं, ते सहीनंतर ठरवू म्हणाले.

वाचता वाचता त्यांचं बोट एका ‘सिक’वर थांबलं. ते नातीसाठीच्या इंग्रजी शब्दापुढे होतं. कागदावर त्या शब्दात एक अक्षर कमी होतं. संपादकांनी फळ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

“बाई, जरा मागे वळून बघता?”

बाई वळल्या. फळ्यावर तो शब्द पूर्ण होता, अगदी शुद्ध.

“सकाळी कुलूप मीच उघडलं,” संपादक म्हणाले. “हाताची सवय. ही धमकी आहे, हे डोक्यात शिरायच्या आधीच मी खडू उचलला आणि गाळलेलं अक्षर घातलं. तेव्हा इथे दुसरं कुणीही आलेलं नव्हतं.”