बुधवारपासून पाऊस

भगवानरावानं बटण पिळून रेडिओ बंद केला आणि उठून ओसरीवर आला.

"बुधवारपासून पाऊस सांगायलेत," तो म्हणाला. "आठवडाभर आभाळ भरलेलं राहणार म्हणं."

ओसरीवर बसलेल्या आश्रुबानं, त्याच्या मेव्हण्यानं, मान वर करून पाहिलं. जानेवारीचं आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. शुक्रवारी भगवानरावाच्या सुजाताचं लग्न होतं. तुरी काढून मोकळ्या झालेल्या रानात मांडवाचे खांबही उभे राहिले होते.

"हिवाळ्यात कुठला पाऊस, दाजी? आपल्याकडं थंडीबी धड पडत न्हाई."

"मागं गारा पडून हुरड्यातली ज्वारी झोपली, तवाबी समदे असंच म्हणत होते."

"मंग गावातली शाळा हाय की."

"कौलं फुटलेली हायेत तिची."

"माझ्या पिंगळीला चला. टेसनाजवळ चांगलं गोदाम हाय."

"लेकीचं लगीन बापानं करायचं का मामानं?" भगवानराव खांबाला टेकून बसला. "सेलूच्या मोंढ्यात कापसाचं शेड हाय. पत्रे पक्के. पूर्णेचं वऱ्हाड रेल्वेनं येणार, सेलूलाच उतरणार. त्यांचीबी सोय हुईल."

आत भाकरी थापणाऱ्या सगुणाबाईचा हात थांबला. ती पिठाच्या हातानंच दारात आली.

"जिनिंग तिथंच हाय," ती म्हणाली.

तिचा थोरला, सिताराम, मोंढ्याच्या बाजारातल्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. दुष्काळाच्या साली तो बायकोला घेऊन सेलूला गेला. त्या सकाळी बापलेकांची चांगलीच जुंपली होती. दुष्काळात बापाला टाकून जाणाऱ्यानं परत माझ्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई, असं भगवानराव म्हणाला. तुमच्या बांधाची मातीसुद्धा पायाला लागू देणार न्हाई, असं सिताराम म्हणाला. दोघांनीही शब्द पाळला. तिकडं सितारामला मुलगी झाली, चालायला लागली, तरी भगवानरावानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. घरात सितारामचं नावही निघत नसे. सगुणाबाई बाजाराच्या निमित्तानं सेलूला जाई, नातीला भेटून येई आणि घरी येऊन फक्त भाजीचे भाव सांगे.

"असू दे की जिनिंग," भगवानराव म्हणाला. "मोंढा काय माझा बांध हाय? तिथं कुणीबी यावं, कुणीबी जावं. मला काय त्याचं?"

एवढं बोलून तो रोवलेले खांब उपटायला रानात निघून गेला.

बुधवार उजाडला तो स्वच्छ. गुरुवारी तर ऊन इतकं पडलं, की लोकांनी अंगावरच्या चादरी दुपारीच घडी करून ठेवल्या. पारावरची माणसं भगवानरावाला छत्री घेऊन जायला सांगू लागली. तो गंभीरपणे वर बघायचा आणि म्हणायचा, "आभाळाचा काय भरवसा?"

सुजाता मात्र रुसली होती. घरच्या रानात लग्न व्हावं, अशी तिची फार इच्छा होती. "येक ढग न्हाई, बाबा," ती म्हणाली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण मांडव काही परत उभा केला नाही.

शुक्रवारी शेडमध्ये टेबलावर प्रतिमा मांडल्या, मेणबत्त्या लावल्या. पूर्णेची माणसं गाडीतून उतरून आली. जिनिंगमधला कापूस उडून पत्र्यावर, माणसांच्या केसांवर बसत होता. सुजाता पांढऱ्या साडीत उभी राहिली, आणि शेडच्या पार टोकाला, पत्र्याच्या सावलीबाहेर, तिला भाऊ दिसला. कामाच्या कपड्यातच होता. कडेवर पोरगी, मागं बायको. पुढं यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

सुजाताच्या डोळ्यांना पाणी आलं. सगुणाबाई अर्ध्यात उठली आणि नवऱ्याकडं बघत तशीच उभी राहिली.

भगवानरावानंही पाहिलं होतं. तो माणसांमधून वाट काढत टोकापर्यंत गेला. सितारामनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मान खाली घातली. शेडमधलं बोलणं आपोआप बारीक झालं.

"पाण्याची पिंपं रिकामी हायेत," भगवानराव म्हणाला. "जेवायच्या टायमाला कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

सितारामनं मान वर केली.

"भरतो," तो म्हणाला.

"मंग पोरीला कशाला घेऊन हिंडतोस? आण इकडं."

त्यानंतर वंदना झाली, हार पडले, टाळ्या झाल्या. सितारामनं पिंपं भरली, पंगती वाढल्या, वऱ्हाडाला आग्रह करकरून जेवू घातलं. भगवानराव नातीला मांडीवर घेऊन बसला आणि आपल्या ताटातली बुंदी तिला एकेक दाणा भरवत राहिला. ती त्याच्या मिशीला लागलेला कापूस काढत होती. निघताना सुजाता भावाच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडता हसली. "पुढच्या इतवारी घरी या," असं भगवानराव सुनेला म्हणाला. लेकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

दिवस कलला तेव्हा भगवानराव आणि सगुणाबाई बैलगाडीनं गावाकडं निघाले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. वारा होता, पण बोचरा नव्हता. पश्चिमेपर्यंत आभाळ मोकळं पडलं होतं. भगवानरावानं कासरा सैल सोडला.

"रेडिओवालेबी काय माणसं," तो म्हणाला. "पाऊस म्हणाले अन् येक थेंब न्हाई."

"त्यांना कशाला बोल लावता?" सगुणाबाई पदर सावरत म्हणाली. "ते तर आठवडाभर आभाळ साफ राहील म्हणत होते. मी चुलीपाशी बसून समदं ऐकलं."